बोटीवरची कोमट तेलाची वाटी

परत आल्यावर माहेरी गेले, तेव्हा आत्याने पहिलं विचारलं ते हे, की बोटीला मासळी काय लागली. मी म्हटलं, आत्या, ती मासेमारीची बोट नव्हती, मजेची होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, मग एवढ्या दर्यात जाऊन तुम्ही केलंत काय?

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यातून परदेशी बोटीवर जाऊन आलेली मी पहिली. पण त्याआधी तिथली पहिली बी.कॉम.सुद्धा मीच, आणि मला अभिमान त्या दुसऱ्या गोष्टीचा जास्त आहे, हे इथेच सांगून टाकते. आईने डोक्यावरच्या मासळीच्या टोपलीवर मला कॉलेज शिकवलं. निकाल लागला त्या दिवशी तिने बाजारात बसलेल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले, हात न धुताच. त्या पेढ्यांना बोंबलाचा वास होता असं अजून लोक सांगतात. मी खाल्ले होते. होता.

आमच्यात पुरुष दर्यात जातात आणि बाया मासळी विकतात. बापाच्या होडीत मी कधी पाय ठेवला नाही. लग्न होऊन कल्याणच्या खाडीकाठी आले, सहकारी बँकेत चिकटले, आणि समुद्र म्हणजे चौपाटीवरून बघायची वस्तू असंच चाललेलं. अशात आमच्या स्वातीने, म्हणजे एकुलत्या एक लेकीने, सिंगापुरात कॉम्प्युटरची नोकरी लागल्यावर आमच्या लग्नाच्या पंचविशीची भेट म्हणून बोटीची सफर ठरवून टाकली. दसऱ्यानंतर निघायचं, दिवाळीच्या आत परत.

कल्याणहून निघताना

निघण्याच्या आधल्या आठवड्यात तिचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही, कोपऱ्यावरच्या बूथवर येतो आणि बूथवाला हाक मारतो. विमानाचं, कपड्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, आई, आणखी एक गंमत आहे, बोटीवर तुमच्या दोघांचं मालिश ठरवलंय. एकाच खोलीत, शेजारी-शेजारी. तेल लावून.

हे जमणारं नव्हतं.

का, ते सांगते. आमचे हे, मोरेश्वर, विठ्ठलवाडीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. स्वाती रांगत होती तेव्हा तिथे वाफेचा पाइप फुटला आणि यांची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत भाजली. बरे झाले, कामावर गेले, पुढे स्टोअरमध्ये बसून रीतसर रिटायरही झाले. पण त्या दिवसानंतर यांच्या अंगातून बनियन उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात कल्याणला जीव नकोसा होतो, तेव्हाही नाही. आंघोळीला जाताना आत कडी, बाहेर येताना बनियन. सुरुवातीचं ड्रेसिंग त्यांच्या आईने केलं, कारण माझ्या कडेवर पोर होती आणि बँकही होती. पुढे त्या गेल्या. मग ती पाठ बघणारं कुणी उरलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि दिवाळीचा पाडवा. बायकोने नवऱ्याला पाटावर बसवून तेल-उटणं लावायचं, मग आंघोळ, मग ओवाळणं. आमच्याकडे त्या सालापासून तेल फक्त डोक्याला लागतं. बनियनवर ओघळू नये म्हणून मी खांद्यावर टॉवेल टाकते. कधी कुणी त्यावर बोललं नाही. न बोलताच ती रीत होऊन गेली.

हे सगळं मी स्वातीला फोनवर सांगायला हवं होतं. पण बूथमध्ये मागे दोन माणसं उभी, काचेला नाक लावून. मी एवढंच म्हटलं, की बाबांना ते आवडायचं नाही, रद्द कर. ती हसली. म्हणाली, बाबा नुसते लाजतात गं, एकदा करून बघू देत. तिने ती पाठ कधी पाहिलेलीच नाही. तिला वाटतं तिचे बाबा लाजाळू आहेत.

आत्याचा निरोप घ्यायला ठाण्याला गेले तेव्हा ती दारात सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दर्यान चाललीस नि जालं नाय नेत?" जाळ्याशिवाय दर्या म्हटल्यावर आजूबाजूच्या बाया हसल्या. मीही हसले, पण माझं चित्त जाग्यावर नव्हतं. माणूस भर समुद्रात रागावून उठला तर जाणार कुठे, हाच विचार डोक्यात.

धक्क्यावर

शीळफाट्यावरून विमानतळाकडे जाताना टॅक्सी बंद पडली, विमानात माझ्या कानात दडे बसले, ते सोडून देते. सिंगापूरबद्दल एवढंच, की तिथे रस्त्यावर कुणी थुंकत नाही आणि बाजारात मासे असूनही माश्या नाहीत. हे म्हणाले, मासळी ताजी नसणार, नाहीतर माश्यांना कळलं असतं.

बोट म्हणजे बोट वाटतच नव्हती. आमच्या स्टेशनाजवळच्या चार-पाच बिल्डिंगा आडव्या करून रंगवल्यात असं काहीतरी. यांच्या बापाची होडी होती, त्यामुळे हे लगेच नांगर कुठे आहे, पाण्याखाली किती आहे ते बघायला लागले. चेहरा पोरासारखा झालेला. मला इतकं बरं वाटलं की मी मनात ठरवलं, मालिशचं आज सांगायचं नाही.

तेवढ्यात स्वातीनेच सांगितलं. पोचवायला धक्क्यापर्यंत आलेली, बाबांच्या गळ्यात पडून म्हणाली, परवा सकाळी तुमचं दोघांचं मालिश आहे हं, आई टाळाटाळ करेल, तुम्ही घेऊन जा तिला.

मी यांच्याकडे बघायचं टाळलं. हे म्हणाले, "बघू."

आता हा शब्द समजून घ्यायला पाहिजे. पंचवीस वर्षांत यांनी मला "नाही" असं क्वचित म्हटलंय. फ्रिज घ्यायचा का, बघू. काकांच्या पोराच्या लग्नाला जायचं का, बघू. बघू म्हणजे नाही, आणि वर विषय संपला. पण धक्क्यावरचा बघू वेगळा होता. तो लेकीच्या तोंडावर म्हटलेला होता, आणि लेकीला हे कधी मोडत नाहीत. म्हणजे हे येणार, आणि आले की काय होणार, ते मला दिसत होतं. कुणीतरी परकी बाई शर्ट काढा म्हणणार. हे काढणार नाहीत. ती पुन्हा म्हणणार. किंवा हे काढतील आणि ती बघून दचकेल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला दोन दिवस ठरवता आलं नाही.

चारी बाजूंनी पाणी

पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना भोंगा वाजवून डेकवर बोलावलं. बोट बुडाली तर काय करायचं, त्याची तालीम. केशरी जाकिटं घालायची होती. तालीम संपल्यावर लोकांनी ती काढून दिली, पण यांच्या जाकिटाच्या गाठीची अशी काही निरगाठ बसली की सुटेना. दोन खलाशी आले. त्यांनी पाठीमागून हात घालून ओढायला सुरुवात केली, तसे हे झटकन भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, राहू दे, राहू दे. जेवायला जाकीट घालूनच गेले. लोकांना विनोद वाटला. मला नाही वाटला. केबिनमध्ये आल्यावर मी दाताने गाठ सोडवली.

जेवणाचं सांगते, कारण विचारतात सगळे. लांबच लांब टेबलं, काय हवं ते वाढून घ्या. कोळंबी होती, पण सोलून, डोकं उडवून, बर्फावर मांडलेली. मासे होते, काटा एक नाही. हे म्हणाले, काटा नसलेला मासा म्हणजे भिजवलेला पाव. दुसऱ्या दिवशी मी पर्समधून जवळ्याच्या चटणीची बाटली काढली. शेजारच्या टेबलावर नौपाड्याचं लेले जोडपं होतं, बोटीवर आमच्याशिवाय तेवढेच मराठी. लेलेबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अय्या, तुमचं सुकं इथपर्यंत आलं का?" मी म्हटलं, आलं, त्याला पासपोर्ट लागला नाही. लेले मोठ्याने हसले आणि बायकोने बघितल्यावर गप्प झाले. बाई मनाने वाईट नव्हत्या. संध्याकाळी त्यांनीच मला आलेवडी दिली, बोट हलत होती म्हणून.

पण त्यांनीच माझी उरलीसुरली झोप उडवली. त्यांचं मालिश त्या सकाळीच झालं होतं. कॉफी पिता पिता सगळं सांगितलं. अगदी सगळं काढायला लावतात हो, एक कागदाची चड्डी देतात, आणि मग पाठीपासून सुरू करतात. लाजायचं नाही, डोळे मिटून पडायचं. हे माझ्याशेजारीच बसले होते. कपातली साखर ढवळत होते, किती वेळ तरी.

आमच्याकडे अंगाला तेल लागतं ते बाळाच्या, बाळंतिणीच्या, आणि दिवाळीत घरातल्या सगळ्यांच्या. तेल लावणारे हात घरातले, नाहीतर घरातल्यासारख्या एखाद्या म्हातारीचे. धडधाकट माणसाने ठरवून, वेळ घेऊन, अनोळखी हातांखाली निजायचं, हे मला समजत नव्हतं. बोटीवर मात्र लोक हसत खाली जात आणि पेंगुळलेले वर येत.

दुपारी हे पोहण्याच्या तलावाशी बसले होते. सगळे पुरुष उघडे, हे पूर्ण बाह्यांच्या शर्टात, पाण्याकडे नाही तर पलीकडे समुद्राकडे बघत. वारा कुठला आहे ते मला सांगितलं. मग मध्येच म्हणाले,

"त्या खोलीत दिवा असतो काय गो?"

मला आधी कळलंच नाही कुठल्या खोलीत. कळलं तेव्हा मी म्हटलं, विचारून येते.

मी खाली गेले. माझं इंग्रजी कॉलेजचं आहे, व्याकरणाला पक्कं आणि बोलायला जड. तिथल्या बाईला विचारलं की खोलीत उजेड किती असतो. ती फिलिपिन्सची होती, छातीवर जॉय नावाची पट्टी. म्हणाली, अगदी मंद, मेणबत्तीचा. मी विचारलं, आणि शर्ट घालून चालतं का? ती हसून म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल तसं. पुढचं मला सांगायचं होतं. माझ्या नवऱ्याच्या पाठीला असं असं आहे, तुम्ही दचकू नका. सगळी वाक्यं तयार होती, बँकेत साहेबांसमोर मांडतो तशी. पण ती त्यांची पाठ होती. त्यांनी मलासुद्धा न दाखवलेली गोष्ट मी परक्या बाईला आधी कशी सांगणार? आभार मानून परत आले.

"मेणबत्ती असते म्हणे," मी सांगितलं.

"बघू," ते म्हणाले.

तेल

तिसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्याआधी तयार. नवं कोरं बनियन, वर शर्ट, केस चापून बसवलेले. लग्नाला निघाल्यासारखे. मी पर्समध्ये घरच्या खोबरेल तेलाची बाटली टाकली, तिथलं तेल कसलं असेल काय भरवसा.

खाली दोघांना पांढरे जाड झगे दिले. मी बायकांच्या बाजूला जाऊन बदलून आले. हे आले ते पँटवर, बनियनवर झगा चढवून. जॉय आणि दुसरी एक मुलगी आम्हाला खोलीत घेऊन गेल्या. खोली लहान, स्वच्छ. दोन अरुंद पलंग, डोकं ठेवायच्या जागी भोक. काचेपलीकडे समुद्र. कोपऱ्यात चौरंगाएवढं मेज, त्यावर मेणबत्ती, एका ताटलीत पांढरी फुलं, दुमडलेले टॉवेल, आणि एका छोट्या दिव्यावर ठेवलेली तेलाची वाटी. खाली एक बुटकं स्टूल. जॉयने मान लववली, तयार व्हा असं काहीसं म्हणाली, आणि दोघी बाहेर गेल्या. दार लागलं.

आम्ही उभेच.

"आता?" हे म्हणाले.

मी त्या मेजाकडे बघितलं. दिवा, फुलं, कोमट तेल, बसायला स्टूल. रांगोळी आणि उटणं तेवढं नव्हतं. आणि मला एकदम उलगडलं. अरे, हा तर पाडवाच मांडलाय की. नवरा-बायकोचं काम, त्यात बाहेरच्यांचं काय? म्हणून तर त्या सगळं मांडून, दार लावून निघून गेल्या. लेलेबाईंनी काय सांगितलं होतं ते त्या क्षणी डोक्यातून पार पुसलं गेलं. माणसाला ज्याची गरज असते ते त्याला लगेच पटतं, ग्रॅज्युएट असला तरी.

"अहो, हे आपलं आपण करायचंय," मी म्हटलं.

"खात्री आहे?"

"मग त्या गेल्या कशाला?"

त्यांनी दाराकडे बघितलं. दाराला कडी नव्हती. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. झगा काढला, स्टुलावर बसले, तोंड समुद्राकडे. आणि दोन्ही हात वर करून बनियन काढलं. मी ते समोरच्या खुंटीला अडकवलं.

खाडीला ओहोटी लागली की चिखलावर पाण्याचे ओघळ उरतात, वाट वाकडी करत गेलेले, मध्ये मध्ये चकाकणारे. तशी होती ती पाठ. मी लहानपणापासून तो चिखल बघत आले आहे. मला भीती वाटली नाही. वाटेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं, हे मात्र तेव्हा कळलं.

तळव्यावर तेल घेतलं आणि खांद्यापासून सुरुवात केली. अंग लाकडासारखं ताठ. मी विचारलं, दुखतंय का. ते नाही म्हणाले. मी हात खाली आणला.

"आहे का हात तिथं?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"तिथं मला लागत नाही काही. आता?"

"आता जरा डावीकडे आहे."

"नाही कळत." मग थोड्या वेळाने, "आता कळला."

असं आम्ही हळूहळू चाललो. कुठे हात लागतो, कुठे लागत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती पाठ दुखते, म्हणून ते झाकतात. आणि तिच्या अर्ध्या भागाला तर काही कळतच नव्हतं. खांदे खाली आले. मान सैल पडली.

दारावर टकटक झालं आणि दोघी आत आल्या.

काय दिसलं असेल त्यांना? पलंगांवरच्या चादरी घडी न मोडलेल्या. गिऱ्हाईक बुटक्या स्टुलावर, पँट घालून. आणि बाई कोपरापर्यंत तेलात. दुसऱ्या मुलीने तोंडावर हात नेला. ती हसत होती की दचकली होती, मला आजही सांगता येणार नाही. बनियन खुंटीवर, हात पुरणार नाही इतकं लांब. आता हे उठणार, झगा ओढणार, आणि संपलं. मी मध्ये उभी राहिले, जेवढी पाठ माझ्या अंगाने झाकेल तेवढी झाकून, आणि माझ्या जड इंग्रजीत म्हटलं की आमच्याकडे हे काम बायको करते, माफ करा, आम्हाला वाटलं तसंच आहे.

जॉय हसली नाही. म्हणाली, छान लावलंय, आता मी पुढे लावू का, की तुम्हीच लावणार?

उत्तर माझं नव्हतंच. हे समुद्राकडे तोंड करून तसेच बसलेले. इंग्रजी त्यांना बोलता येत नाही, पण कारखान्यात राहून समजतं सगळं. मी वाट बघत राहिले. वाटीखालचा तो दिवा फुरफुरत होता.

"तिला सांग," हे म्हणाले, "मध्ये जोर लावला तरी चालेल. तिथं मला लागत नाही."

मी सांगितलं. व्याकरण चुकलं नाही.

पुढचा तास मी पालथी पडून होते. त्या भोकातून दिसतं काय, तर जमीन आणि त्या मुलीची पावलं. मालिश उत्तम असणार, लेलेबाई खोटं बोलायच्या नाहीत. पण मला काही विचाराल तर मला माझ्या पाठीचं काहीच आठवत नाही. सगळा वेळ माझे कान शेजारच्या पलंगावर. उठले का? काही म्हणाले का? मध्येच काही ऐकू येईनासं झालं, तेव्हा मी डोकं वर काढायला लागले, तर मुलीने हळूच दाबून परत भोकात घातलं. आणि मग शेजारून घोरणं सुरू झालं. आमच्या कल्याणच्या घरात भिंतीपलीकडे ऐकू जातं, तसलं.

वर आल्यावर लेलेबाईंनी विचारलं, कसं वाटलं. हे म्हणाले, तेल चांगलं होतं. खोबरेलाची बाटली तशीच परत आली. जाणार असाल तर ओझं करू नका, तिथे लागत नाही.

परत खाडीकाठी

उरलेल्या दिवसांत बेटं बघितली, फोटो काढले. अर्धा रोल उजेड शिरून वाया गेला. तलावाशी हे पुन्हा पूर्ण बाह्यांच्या शर्टातच बसले. मी काही विचारलं नाही. स्वातीने धक्क्यावर विचारलं, बाबा, आवडलं ना? ते म्हणाले, आईला विचार. तिने मला विचारलं. मी म्हटलं, बाबा लाजले नाहीत.

घरी आल्यावर सगळं पुन्हा होतं तसं. आत कडी, बाहेर येताना बनियन. मला वाटलं, ते समुद्रावरचं समुद्रावर राहिलं. बोटीवर माणूस वेगळा वागतो, लेले नाही का बायकोसमोर मोठ्याने हसले. पण काळजी सुटली नाही. दिवाळी जवळ येत होती, आणि मला ठरवता येत नव्हतं की पाडव्याला खांद्यावर टाकायचा टॉवेल काढून ठेवायचा की नाही.

काढून ठेवला. पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, तेल कोमट करून आणलं. हे येऊन पाटावर बसले. बनियन घालूनच. मी टॉवेल उचलला.

"काय गो, आधी दार लाव," हे म्हणाले. "ही काय बोट आहे?"

मी जाऊन कडी घातली. मागे वळले, तोवर बनियन दोरीवर होतं.